शिल्प निदेशक (बांधकाम व्यवसाय)

शिल्प निदेशक हे भारतातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) एखादा व्यवसाय शिकविणाऱ्या प्रशिक्षकाचे पद आहे. बांधकाम क्षेत्रातील शिल्प निदेशक गवंडीकाम, सुतारकाम, नळकाम, वीजजोडणी, रंगकाम, स्थापत्य आरेखन यांसारखे व्यवसाय शिकवितात. त्यांचे प्रशिक्षणार्थी बहुधा आठवी किंवा दहावी उत्तीर्ण असतात. प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे.

संज्ञा

मराठीत 'निदेशक' म्हणजे प्रत्यक्ष शिकविणारा, तर संचालनालयाचा प्रमुख 'संचालक' असतो. हिंदीत मात्र 'निदेशक' हा शब्द संचालक या अर्थाने वापरला जातो. त्यामुळे दोन्ही भाषांतील कागदपत्रे एकत्र वाचताना गोंधळ होण्याचा संभव असतो.

इतिहास

भारतात बांधकामाचे कौशल्य प्रामुख्याने कुटुंबात किंवा मिस्त्रीच्या हाताखाली शिकले जात असे, आणि आजही मोठ्या प्रमाणावर तसेच शिकले जाते. बिगारी म्हणून कामास लागलेल्या मुलाच्या हाती थापी येण्यास अनेक वर्षे लागतात. हे कौशल्य ठरावीक मुदतीत आणि ठरावीक अभ्यासक्रमाने शिकविण्यासाठी १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्य सरकारांकडे सोपविण्यात आला. निदेशकांच्या प्रशिक्षणासाठी मुंबई, कोलकाता, कानपूर, चेन्नई, हैदराबाद व लुधियाना येथे केंद्रीय संस्था स्थापन झाल्या. २०१५ पासून ही व्यवस्था केंद्रीय कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था असून त्यांचे नियंत्रण व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय करते.

पात्रता

निदेशक होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्या मार्गात संबंधित अभियांत्रिकी शाखेची पदवी व एक वर्षाचा अनुभव, किंवा पदविका व दोन वर्षांचा अनुभव लागतो. दुसऱ्या मार्गात त्याच व्यवसायाचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र किंवा शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. दोन तुकड्यांसाठी नेमल्या जाणाऱ्या दोन निदेशकांपैकी एक पहिल्या आणि दुसरा दुसऱ्या मार्गाने आलेला असावा, असे अभ्यासक्रमात नमूद केलेले असते. सिद्धांत जाणणारा आणि हाताने काम केलेला, असे दोघेही विद्यार्थ्यांना मिळावेत, हा यामागील हेतू आहे. दोघांकडेही शिल्प निदेशक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असणे अपेक्षित असते. या एक वर्षाच्या प्रशिक्षणात व्यवसायातील तंत्राबरोबरच पाठाचे नियोजन, प्रात्यक्षिक दाखविण्याची पद्धत आणि मूल्यमापन शिकविले जाते.

कामाचे स्वरूप

गवंडी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असून एका तुकडीत २४ प्रशिक्षणार्थी असतात. वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकासाठी, २४० तास व्यवसायाच्या सिद्धांतासाठी आणि १२० तास रोजगारक्षम कौशल्यांसाठी असतात. म्हणजेच निदेशकाचा बहुतेक वेळ फळ्यापुढे न जाता कार्यशाळेत जातो.

शिकविण्याचा क्रम साधारणपणे सांगणे, करून दाखविणे, करवून घेणे आणि तपासणे असा असतो. वीटकामात प्रथम अवजारांची ओळख होते: थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि दोरी. त्यानंतर भिंतीचे कोपरे आधी उभारून त्यांच्यामध्ये दोरी ताणणे, विटा वापरण्यापूर्वी भिजविणे आणि एका थरातील उभे सांधे खालच्या थरातील सांध्यांवर येऊ न देणे या गोष्टी शिकविल्या जातात. प्रत्येक कृतीमागील कारण सांगणे हा निदेशकाच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. कोरडी वीट गाऱ्यातील पाणी शोषून घेते आणि त्यामुळे सांधा कमकुवत होतो. उभे सांधे एकावर एक आले, तर भार शेजारच्या विटांवर पसरत नाही आणि भिंतीला उभा तडा जाऊ शकतो.

सरावाच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या कमकुवत गाऱ्यात बांधल्या, तर त्या पाडून त्याच विटा पुन्हा वापरता येतात. वीटकामातील दोष गिलाव्याखाली झाकले जातात. म्हणून गिलावा करण्यापूर्वीच ओळंबा, पातळी आणि सांध्यांची जाडी तपासण्याची सवय प्रशिक्षणार्थींना लावली जाते.

विद्यार्थ्यांचे वय आणि सुरक्षितता

बांधकामात उंचीवरून पडणे, जड वजन उचलणे, सिमेंटच्या अल्कधर्मी गुणधर्मामुळे त्वचा भाजणे आणि दगड किंवा काँक्रीट कापताना उडणारी सिलिकायुक्त धूळ हे प्रमुख धोके असतात. त्यामुळे परांचीवरील कामापूर्वी हेल्मेट, पट्टा व हातमोजे यांच्या वापराचा पाठ घेतला जातो.

कायद्यांतील वयोमर्यादा मात्र एकसारख्या नाहीत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार किमान वय १४ वर्षे असले, तरी धोकादायक उद्योगांशी संबंधित निर्दिष्ट व्यवसायांसाठी ते १८ वर्षे आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १४ ते १८ वर्षे वयाच्या कुमारवयीनांना अनुसूचीतील धोकादायक कामांवर ठेवण्यास मनाई केली. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने कल्याणकारी लाभांच्या नोंदणीसाठी १८ ते ६० वर्षे वय आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम अशी अट घातली. परिणामी, चौदाव्या वर्षी प्रवेश घेऊन पंधराव्या वर्षी गवंडीचे प्रमाणपत्र मिळविणारा विद्यार्थी कुशल ठरतो, परंतु नोंदणीकृत कामगाराचे लाभ मिळण्यास त्याला आणखी तीन वर्षे थांबावे लागते. या काळात पुढील शिक्षण घ्यावे की काम शोधावे, याबाबत विद्यार्थी व पालक अनेकदा निदेशकाचाच सल्ला घेतात.

शालेय शिक्षणातील प्रशिक्षक

हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना महात्मा गांधी यांनी १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत नई तालीमच्या रूपाने मांडली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने ग्रामीण माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम विकसित केला. त्यात शेती, ऊर्जा व गृह-आरोग्य यांच्याबरोबर बांधकामासह अभियांत्रिकीची कामे असतात आणि मुले प्रत्यक्ष उपयोगाची वस्तू तयार करून शिकतात.

प्रश्न व चर्चा

या पदाविषयीचा प्रमुख प्रश्न अनुभवी कारागिराच्या स्थानाचा आहे. तीस वर्षे वीटकाम केलेला मिस्त्री प्रमाणपत्राअभावी निदेशक होऊ शकत नाही, तर किमान अनुभवावर नेमलेल्या पदवीधराने मोठ्या बांधकामावर स्वतः थापी चालविलेली असेलच असे नाही. पूर्वज्ञान मान्यतेच्या योजनेतून कारागिराला त्याच्या कौशल्याचे प्रमाणपत्र मिळू शकते, परंतु त्यामुळे निदेशकपदाची पात्रता आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने स्थानिक कारागिरांना शाळांमध्ये विशेष प्रशिक्षक म्हणून नेमण्याची आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकू देण्याची शिफारस केली आहे.