फुरसुंगीचा फास्टर फेणे आणि आपला प्रथमानुयोग



आपण बारामती-इंदापूरच्या बायका पुण्याला निघालो की सोलापूर रस्त्याने जातो. हडपसर आलं की पुणं आलं म्हणून पिशव्या सावरायला लागतो. त्या हडपसरजवळच फुरसुंगी आहे. गेल्या सुट्टीत गाडीतून जाताना पाटीवर ते नाव दिसलं आणि माझा मुलगा आपल्या मुलाला म्हणाला, "हे फास्टर फेणेचं गाव बरं का!" नातवाने विचारलं, "तो कोण?" मुलगा सांगायला लागला आणि मी खिडकीबाहेर पाहत गप्प बसले. का, ते शेवटी सांगते.

फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. फुरसुंगीचा हा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने काडी, पण सायकलवर बसला की वाऱ्यासारखा. काही सुचलं की जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढतो. त्याला जन्म दिला भा. रा. भागवत यांनी.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म 31 मे 1910 रोजी इंदूरला झाला. त्यांनी आकाशवाणीत काम केलं, 1942 च्या चळवळीत तुरुंगवास सोसला. स्वातंत्र्यानंतर अशा माणसाला मोठ्यांसाठी लिहून नाव मिळवता आलं असतं. पण त्यांनी मुलांसाठी लिहायचं ठरवलं आणि 'बालमित्र' हे मासिक चालवलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, 'चंद्रावर स्वारी' त्यातलीच. बिपिन बुकलवार, नंदू नवाथे ही पोरंही त्यांचीच. पत्नी लीलावती भागवत यासुद्धा बालसाहित्यिक. एकाच घरात दोघं मुलांसाठी लिहिणारे, हे आपल्याकडे विरळाच.

फास्टर फेणेची वीस पुस्तकं झाली. त्यांत खेळ आहे तसा इतिहासही आहे. 'फास्टर फेणे टोला हाणतो' हे नाव वाचूनच मैदान डोळ्यांपुढे येतं. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' मध्ये तो थेट गडावर जातो. 1962 च्या चिनी आक्रमणाचे दिवसही त्याच्या गोष्टींत येतात. शाळेच्या पुस्तकात इतिहास म्हणजे सनावळी आणि तहाची कलमं. भागवतांनी सायकलवरचा मुलगा गडावर पाठवला, आणि त्याच्यामागून वाचणारी मुलंही गड चढली.

मला त्यांचं आणखी एक आवडतं. त्यांचा नायक राजपुत्र नाही आणि परदेशातलाही नाही. सोलापूर रस्त्याच्या कडेच्या गावातलं साधं पोर आहे ते. त्याच्या हातात शस्त्र नसतं. सायकल, डोकं आणि धीर एवढ्या भांडवलावर तो मोठमोठ्या चोरांना पुरून उरतो. अहिंसेच्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या हाती असा नायक द्यायला आईला काय हरकत असावी?

पण माझी हरकत होती. मी कॉमर्सची, सगळ्याचा हिशेब घालणारी. मुलगा दहावीत गेला तेव्हा म्हटलं, गोष्टींनी मार्क मिळत नाहीत. फास्टर फेणेची सात-आठ पुस्तकं होती, ती त्याला न विचारता रद्दीत घातली. तो तेव्हा काहीच बोलला नाही.

आपण पाठशाळेत शिकलो की शास्त्राचे चार अनुयोग आहेत. द्रव्यानुयोगात तत्त्व, करणानुयोगात गणित आणि लोकरचना, चरणानुयोगात आचार. पण त्यांत पहिला कोणता? प्रथमानुयोग, म्हणजे महापुरुषांच्या कथा. नवख्याला आधी गोष्ट सांगा, गोडी लागली की तो पुढचं विचारेल, हे आपल्या आचार्यांनी केव्हाच ओळखलं होतं. दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणला तर ज्ञानावरणीय कर्माचा बंध होतो, हेही आपण पाठ म्हणतो. फास्टर फेणे काही शास्त्र नव्हे, हे मला कळतं. पण वाचनाची पहिली पायरी मीच काढून घेतली होती, हेही आता कळतं.

भागवत 27 ऑक्टोबर 2001 रोजी गेले. फास्टर फेणे मात्र मागे राहिला. 1980 च्या दशकात तो दूरदर्शनवर आला होता, तेव्हा सुमीत राघवन फास्टर फेणे झाला होता. 2017 मध्ये चित्रपट निघाला. त्यात अमेय वाघ फास्टर फेणे होता, आणि दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भा. रा. भागवतांची भूमिका केली. लेखक आणि त्याने घडवलेला मुलगा एकाच पडद्यावर समोरासमोर आले.

आपल्या भागात काय कमी आहे? इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंतांनी आर्या रचल्या. आपली मुलं रोज त्यावरून शाळेत जातात, पण एखाद्या पोराला सायकलवर बसवून त्या गढीत नेणारी गोष्ट कोणी सांगत नाही. लिहिता आलं नाही तरी रात्री झोपताना आजीला सांगता येईलच की.

गेल्या क्षमावणीला मी मुलाला फोन केला. दरवर्षीचे शब्द म्हटले आणि मग म्हणाले, "त्या पुस्तकांबद्दलही क्षमा कर बाबा." तो जरा थांबला, मग हसून म्हणाला, "आई, तुला आठवतंय?" सगळा संच नव्याने मागवला आहे. नातवाला मराठी अजून अडखळत वाचता येतं, म्हणून रोज व्हिडिओ कॉलवर मीच चार पानं वाचून दाखवते. कालच्या पानावर त्याने माझ्याआधी 'ट्टॉक' केलं.

उत्तम क्षमा.