वयोगट आणि बालवाचन : बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगावरून एक विचार

१

कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न पालक व शिक्षक यांच्यासमोर नेहमी उभा असतो आणि त्याचे उत्तर बहुधा एका यादीच्या रूपाने दिले जाते. तीन ते सहा वर्षांसाठी चित्रांची पुस्तके, सहा ते आठ वर्षांसाठी मोठ्या टाइपातील लहान गोष्टी, त्यापुढे साहसकथा, चरित्रे व विज्ञानविषयक पुस्तके, असा या याद्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. हा क्रम चुकीचा आहे असे नव्हे. तथापि त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते क्वचितच बोलून दाखविले जाते. यादी करणाराने ज्या मुलाची कल्पना केलेली असते, ते मूल जन्मापासून ग्रंथांतील मराठीला जवळची अशी भाषा ऐकत असते, त्याच्या घरात छापील पुस्तक असते आणि त्याला जवळ घेऊन वाचून दाखविणारे मोठे माणूसही असते. या तिन्ही गोष्टी जेथे नाहीत, तेथे वयाचा आकडा पुस्तकाच्या निवडीस कितपत मार्गदर्शक ठरेल?

या प्रश्नाचा विचार पालघर जिल्ह्याच्या संदर्भात विशेष फलदायी ठरण्याजोगा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. पश्चिम रेल्वेने पालघरहून उत्तरेकडे निघाले असता बोईसर, वाणगाव, डहाणू रोड व घोलवड ही स्थानके ओळीने लागतात. या एका मार्गावर एकीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे वारल्यांचे पाडे असे दोन निराळे बालविश्व काही मैलांच्या अंतराने नांदत आहे. मराठी बालशिक्षणातील एक महत्त्वाचा प्रयोग याच पट्ट्यात, बोर्डी व कोसबाड येथे झाला. त्या प्रयोगाच्या इतिहासावरून वयोगटाच्या कल्पनेकडे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

मराठीत मुलांसाठी पुस्तके प्रथम सिद्ध झाली, तेव्हा वयोगटाचा विचार जवळजवळ नव्हताच. सरफोजीराजांच्या आश्रयाने तंजावर येथे १८०६ साली छापलेली ‘बालबोधमुक्तावली’ किंवा सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ (१८२८) ही ‘बाळां’साठी होती, पण हे बाळ सहा वर्षांचे की चौदा, याचा निर्देश नव्हता. नीतिबोध सर्वांना सारखाच हितकर, ही त्यामागील श्रद्धा होती.

वर्गवारी आली ती शाळेबरोबर. मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाल्यावर मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठीची क्रमिक पुस्तके तयार झाली आणि पुस्तकाची पायरी ‘इयत्ते’ने ठरू लागली. इयत्ता म्हणजे वय नव्हे. त्या काळी एकाच इयत्तेत निरनिराळ्या वयांची मुले बसत असत. मूल किती जाणते यापेक्षा त्याने किती पुस्तके संपविली, हे तीत मोजले जाई. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले व वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ काढले, तेव्हा शाळेबाहेरच्या वाचनाची सोय झाली. परंतु या मासिकांचा वाचकही मुख्यतः शाळेत जाणारा, नगरातील व मोठ्या गावांतील मुलगा होता. त्याच्या घरची भाषा आणि मासिकाची भाषा यांत फार मोठे अंतर नव्हते. यामुळे पुस्तकाची कठीणता व मुलाची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात येण्याचा प्रसंगच सहसा येत नसे.

३

वयाचा शास्त्रीय दृष्टीने विचार मराठीत आला तो मुख्यतः बालशिक्षणाच्या चळवळीतून, आणि तोही गुजरातमार्गे. भावनगर येथील दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी माँटेसरी पद्धतीचा अवलंब केला. १९२३ साली ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. येथे एक मतभेद ध्यानात घेण्याजोगा आहे. वास्तव व कल्पित यांतील भेद मुलास कळू लागण्यापूर्वी त्यास अद्भुत कथा देऊ नयेत, असे माँटेसरीबाईंचे मत होते. गिजुभाईंनी बाकीच्या अनेक बाबतींत माँटेसरीबाईंचे ऋण मान्य केले, तरी लोककथांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. ‘वार्तानुं शास्त्र’ या गुजराती ग्रंथात त्यांनी कथांची निवड, त्यांचा क्रम व कथनाची रीत यांचा पद्धतशीर विचार केला आहे. कथा प्रथम कानाची वस्तू आहे. पुस्तक नंतर येते. आणि उपदेशासाठी सांगितलेली कथा कथेचे कार्य करीत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला, तेव्हा हा विचार मुंबईच्या मध्यमवर्गापर्यंत पोहोचला. परंतु तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. बालशिक्षण हे श्रीमंतांचे कौतुक होऊन राहू नये, ते खेड्यातील दरिद्री मुलापर्यंत गेले पाहिजे, या विचाराने त्यांनी १९४५ सालच्या डिसेंबरात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या रानात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्या समाजातील मुलांकडे हे केंद्र निघाले होते, त्या समाजातील प्रौढ माणसे त्या वेळी स्वतःच्या श्रमावर स्वतःचा हक्क सांगू लागली होती.

४

बोर्डीस आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे घडले, त्याने वयोगटाच्या कल्पनेस तीन दुरुस्त्या सुचविल्या असे म्हणता येईल.

पहिली दुरुस्ती स्थळाची होती. बालवाडी उघडली म्हणून पाड्यावरची मुले आपोआप आली नाहीत. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली आणि ‘अंगणवाडी’ ही कल्पना साकार झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत हे नाव देशभर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच ‘कुरणशाळा’ भरविण्यात आली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ हीही त्याच विचाराची पुढची पायरी होती. कारण धाकट्या भावंडास सांभाळण्याचे काम ज्या मुलीकडे असते, ती मुलगी त्या भावंडासह आली तरच शिकू शकते. पुस्तकांच्या निवडीसाठी यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. येथे दोन, पाच व नऊ वर्षांची मुले एकाच जागी, एकाच वेळी ऐकणारी असतात. घराच्या कपाटात वयानुसार लावलेले तीन कप्पे येथे उपयोगी पडत नाहीत. तीन वयांना तीन पातळ्यांवर पुरणारी एकच कथा येथे अधिक मोलाची ठरते.

दुसरी दुरुस्ती साधनांची होती. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने यांवर मोजणी व वर्गीकरण शिकविण्यात आले. साधन बदलले, तरी तत्त्व बदलले नाही. जे हाताळलेले आहे, त्यावरून न हाताळलेल्याकडे जावयाचे, हे ते तत्त्व होय. हाच न्याय पुस्तकास लावला असता असे दिसते की, सहा वर्षांच्या वारली मुलास नागलीचे शेत, कणसरीची पूजा, तारप्याचा नाद किंवा लग्नचौकातील चित्रे यांचे जे ज्ञान असते, ते नगरातील त्याच वयाच्या मुलास नसते. उलट, पहिल्या पुस्तकात जर आगगाडीचा डबा, बागेतील झोपाळा व वाढदिवसाचा केक हेच असेल, तर अक्षरे व वस्तू ही दोन्ही त्यास एकाच वेळी अनोळखी ठरतात. शिकणाराचा दोष नसताना ओझे दुप्पट होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती भाषेची. वारली बोली मराठीच्या जवळची असली, तरी छापील मराठी ही तिच्या बोलणाऱ्या बालकास काहीशी परकीच असते. म्हणून पुस्तकाचे वय जन्मापासून मोजण्यापेक्षा त्या भाषेची ओळख झाल्यापासून मोजणे अधिक न्याय्य ठरते. कोसबाडच्या परंपरेतून पुढे निघालेल्या संस्थांनी हा धागा सोडला नाही. अनुताई वाघ व रमेश पानसे यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या ‘ग्राममंगल’ने डहाणू तालुक्यातील ऐने येथे काम उभारले. २००७ साली वाडा तालुक्यातील सोनाळे येथे ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक नीलेश निमकर हे आधी ‘ग्राममंगल’मध्येच काम करीत होते. बालसाहित्यातील कथांचे प्रयोग अभिनेत्यांकडून आश्रमशाळांतील मुलांपुढे करण्याचा ‘क्वेस्ट’चा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम पाहता गिजुभाईंचे सूत्र आठवल्यावाचून राहत नाही : आधी कान, मग पुस्तक.

५

या विचारास अलीकडच्या संशोधनाने पुष्टी दिली आहे. मराठी व कन्नड मुलांच्या आरंभीच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षांचा अभ्यास वाडा तालुक्यात व कर्नाटकातील यादगीर येथे झाला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुलांना उतारा समजून वाचता येत नव्हता, असे त्यात आढळून आले. आता याच्या जोडीस कायद्याची स्थिती पाहावी. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेबाहेरील मुलास त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात प्रवेश दिला. वीटभट्टीवर किंवा कुरणावर बालपण गेलेली दहा वर्षांची मुलगी यामुळे सन्मानाने पाचवीत बसते. मात्र तिच्या हाती पाचवीचे पुस्तक दिले तर ते तिला वाचता येत नाही, आणि पहिलीचे दिले तर त्यातील मजकूर तिच्या अनुभवापुढे पोरकट ठरतो. तिने भावंडे वाढविलेली असतात, भात लावलेला असतो, स्थलांतर पाहिलेले असते. तिला हवे असते ते भाषेने सोपे पण आशयाने प्रौढ असे पुस्तक. वयोगटांच्या रूढ यादीत नेमका हाच कप्पा रिकामा असतो.

बोईसर-तारापूरची स्थिती वरवर पाहता याच्या उलट आहे. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार, तंत्रज्ञ व अधिकारी येथे आले. येथील कित्येक मुलांच्या घरी हिंदी, भोजपुरी, उडिया किंवा गुजराती बोलली जाते, शाळा इंग्रजी वा मराठी असते आणि खेळाच्या मैदानावर तिसरीच भाषा चालते. अधिकाऱ्याच्या मुलाजवळ पुस्तकांची वाण नसते. पण त्याच्या कपाटात मराठी पुस्तक सापडेलच असे नाही. कंत्राटी कामगाराच्या चाळीतील मुलापाशी मात्र बहुधा पाठ्यपुस्तकाखेरीज काहीच नसते. म्हणजे आठ वर्षांचे मूल म्हणताना या एका पट्ट्यात निदान तीन निराळी मुले डोळ्यांपुढे आणावी लागतात. त्या तिघांस एकच यादी देणे, म्हणजे त्यांतील एकासाठीच यादी करणे होय.

६

यावरून वयोगट टाकून द्यावा, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तसे केले तर आणखी एक धोका संभवतो. आदिवासी मुलांस सोपी, थोडी, उपदेशपर पुस्तके पुरेत, असा दयाबुद्धीचा पण अन्यायकारक समज त्यातून बळावेल. वय हे मुलाच्या जिज्ञासेचे माप आहे आणि ती जिज्ञासा पाड्यावर कमी नसते. म्हणून पुस्तकाची निवड दोन मापांनी करावी : आशय वयाप्रमाणे, भाषा ओळखीप्रमाणे. या तत्त्वास अनुसरून पुढील दिशा सुचविता येते.

तीन वर्षांपर्यंत पुस्तकापेक्षा कंठ महत्त्वाचा. घरच्या बोलीतील गाणी व गोष्टी हेच या वयाचे वाङ्मय होय. तीन ते सहा या वयात कमी शब्दांची, घर व परिसर दाखविणारी चित्रपुस्तके योग्य ठरतात. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ हे अशा लेखनाचे चांगले उदाहरण आहे. मात्र पाड्यावर ते वाचताना, राधाच्या घराशेजारी आपल्या घराचे चित्र काढावयास मुलांना सांगणे अगत्याचे आहे. सहा ते नऊ या वयात नादाचे आकर्षण मोठे असते. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) मधील कविता वाचता न येणाऱ्या मुलासही ऐकून पाठ होतात, आणि पाठ झालेला मजकूर छापलेला दिसला की वाचन सोपे जाते. नऊ ते बारासाठी माधुरी पुरंदरे यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या बालगट व कुमारगटाच्या संग्रहांचा आणि पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘किशोर’ मासिकाचा (१९७१ पासून) उपयोग होतो, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच वयाचा सोबती. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) ही एकेका रात्री सांगितलेल्या कथांच्या रूपात असल्यामुळे मोठ्याने वाचून दाखविण्यास विशेष अनुकूल आहे. पंधरा वर्षांपुढील मुलांनी गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) अवश्य वाचावे. आपल्याच गावांची नावे एका मोठ्या ग्रंथात छापलेली पाहणे, हा या जिल्ह्यातील तरुण वाचकास क्वचितच मिळणारा अनुभव आहे.

दहा वर्षांच्या नवसाक्षर मुलीसाठीचा कप्पा मात्र अद्याप पुरेसा भरलेला नाही. तो केवळ शिफारशींनी भरणार नाही. पाड्यावरील वृद्धांच्या कथा त्यांच्या बोलीत टिपून घेणे, त्या सोप्या मराठीच्या जोडीने छापणे आणि त्याच मुलांकडून त्यांची चित्रे काढविणे, हे काम आधी व्हावयास हवे. भाषा, शिक्षण व इतिहास या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस त्यात संशोधनाचे मोठे क्षेत्र आहे. कोसबाडला खडे व शिंपले यांपासून शिक्षणसाधने घडली. तेथील कथांपासून पुस्तके घडविणे हे त्याच प्रयोगाचे राहिलेले अर्धे काम आहे.