विद्युत अपघटन

आयन मोकळेपणाने हलू शकतील अशा द्रवातून, म्हणजे वितळलेल्या क्षारातून किंवा आम्ल, आम्लारी व क्षार यांच्या जलीय द्रावणातून, एकदिश विद्युतप्रवाह पाठवून घडवून आणलेला रासायनिक बदल. द्रवात बुडवलेल्या दोन अग्रांपैकी बॅटरीच्या धन टोकाला जोडलेले ते धनाग्र आणि ऋण टोकाला जोडलेले ते ऋणाग्र. धन आयन ऋणाग्राकडे व ऋण आयन धनाग्राकडे सरकतात. ऋणाग्रावर क्षपण आणि धनाग्रावर ऑक्सिडीकरण होते. शालेय पाठात या प्रक्रियेची ओळख बहुधा ‘विजेने पदार्थाचे घटक वेगळे करणे’ अशी करून दिली जाते. या व्याख्येत शेवटी काय हाती आले तेवढेच येते. बदल द्रवाच्या पोटात होत नाही, तो अग्राच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत होतो. कोणता पदार्थ मिळेल आणि किती मिळेल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तेथेच सापडतात.

इतिहास : व्होल्टा यांनी मार्च १८०० मध्ये आपल्या विद्युत चितीची माहिती रॉयल सोसायटीला कळवली. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी चितीच्या तारा पाण्यात बुडवून वायू मिळवले. या शोधाचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. तथापि १७८९ मध्ये हॉलंडमधील पाएट्स व्हान ट्रोस्टव्हिक व डीमान यांनी स्थितिक विजेच्या ठिणग्यांनी पाण्यापासून वायू मिळवले होते, आणि १८०० मध्येच जर्मनीत रिटर यांनी हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन्ही वायू स्वतंत्रपणे गोळा केले. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये विद्युत अपघटनाने पोटॅशियम व सोडियम वेगळे केले. प्रवाहच रेणू फोडतो, ही समजूत या यशामुळे पक्की झाली.

या समजुतीविरुद्धचा महत्त्वाचा युक्तिवाद भौतिकीविज्ञ क्लाउझियस यांनी १८५७ मध्ये मांडला. रेणू फोडण्याचे काम प्रवाहाला करावे लागत असते, तर एका ठरावीक विभवांतराखाली द्रावणातून प्रवाह वाहिलाच नसता आणि ती मर्यादा ओलांडताच तो एकदम वाढला असता. प्रत्यक्षात मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची दोन अग्रे ठेवली, तर अगदी अल्प विभवांतरालाही थोडा प्रवाह वाहतो आणि विभवांतराच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वाहक कण द्रावणात आधीपासून मोकळे असले पाहिजेत. स्वीडनच्या अरेनियस यांनी १८८७ मध्ये हा विचार पूर्णत्वास नेला : मीठ पाण्यात विरघळताच त्याचे आयनांत विचरण होते, त्यासाठी बॅटरी लागत नाही. मिठाच्या विरल द्रावणाचा गोठणबिंदू साखरेच्या तेवढ्याच रेणुसंख्येच्या द्रावणापेक्षा जवळजवळ दुप्पट उतरतो, हा याचा विजेशी संबंध नसलेला पुरावा आहे. अरेनियस यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अग्रावरील निवड : आयन अग्रापाशी पोहोचला म्हणजे त्याची अभिक्रिया होतेच असे नाही. मोरचुदाच्या द्रावणात कार्बनची अग्रे असतील तर ऋणाग्रावर तांबे साचते, धनाग्रावर ऑक्सिजन सुटतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो. त्याच द्रावणात तांब्याची अग्रे घातली तर ऑक्सिजन सुटत नाही. धनाग्राचे तांबे विरघळते, तेवढेच ऋणाग्रावर बसते आणि रंग कायम राहतो. द्रावण तेच, प्रवाह तोच, फरक फक्त अग्राचा. ‘पदार्थ फुटतो’ या कल्पनेने या फरकाचा उलगडा होत नाही. पाण्याच्या अपघटनातही हेच दिसते. शुद्ध पाण्यात आयन फार थोडे असल्याने त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल मिसळतात. सल्फेट आयन धनाग्राकडे सरकतात, पण तेथे ऑक्सिडीकरण पाण्याचे होते. आम्ल खर्च होत नाही आणि पाणी घटत गेल्याने द्रावण हळूहळू संहत होते.

यावर आक्षेप असा घेतला जातो की विद्यार्थ्यांना अभिक्रियाशीलता श्रेणी माहीत असते. तिच्यावरून उत्पादित सांगता येत असताना वेगळा सिद्धांत कशाला? ऋणाग्रापुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. मिठाच्या जलीय द्रावणात सोडियमऐवजी हायड्रोजन मिळतो, हे श्रेणीवरून सांगता येते. धनाग्रावर मात्र अशा श्रेणीचा आधार अपुरा पडतो. प्रमाण विभवांनुसार (ऑक्सिजन १.२३ व्होल्ट, क्लोरीन १.३६ व्होल्ट) मिठाच्या द्रावणातून ऑक्सिजन आधी सुटायला हवा. तरीही संहत द्रावणातून मुख्यतः क्लोरीन मिळतो आणि द्रावण फार विरल केल्यास ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. अग्रावर ऑक्सिजन तयार होण्याची क्रिया मंद असल्याने तिला जादा विभवांतर द्यावे लागते. शिवाय संहत द्रावणात क्लोराइड आयनांचा पुरवठा भरपूर असतो. कॉस्टिक सोडा व क्लोरीन यांचा सारा उद्योग या निवडीवर उभा आहे.

परिमाण : मायकेल फॅरडे यांच्या १८३०–४० च्या दशकातील प्रयोगांतून दोन नियम हाती आले. अग्रावरील उत्पादिताचे वस्तुमान वाहिलेल्या प्रभाराच्या प्रमाणात असते. आणि सारख्या प्रभाराने मिळालेल्या निरनिराळ्या पदार्थांची वस्तुमाने त्यांच्या सममूल्यभारांच्या प्रमाणात असतात. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे ९६,४८५ कूलोम आहे. एक ॲम्पिअर प्रवाह ९६५ सेकंद वाहिला तर सुमारे ०.३२ ग्रॅम तांबे साचते किंवा १.०८ ग्रॅम चांदी. चांदीच्या बाबतीत हे प्रमाण इतके भरवशाचे ठरले की एके काळी ॲम्पिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी साचवणारा प्रवाह अशी होती.

रसायनज्ञ बर्झीलियस यांनी हे नियम मान्य केले नाहीत. सारख्या प्रभाराने निरनिराळी संयुगे फुटत असतील, तर सर्वांचे बंध सारखेच बळकट मानावे लागतील, अशी त्यांची हरकत होती. तिचे उत्तर असे की प्रभार इलेक्ट्रॉनांची संख्या सांगतो, बंध तोडण्याची ऊर्जा सांगत नाही. ऊर्जेचा हिशेब प्रभाराला विभवांतराने गुणल्यावर लागतो. शालेय प्रश्नपत्रिकांत आजही होणारा बराच गोंधळ या दोन राशी वेगळ्या न ठेवल्याने होतो.

उपयोग : विद्युत विलेपन, तांब्याचे शुद्धीकरण, सोडियम व ॲल्युमिनियम यांचे निष्कर्षण.

ॲल्युमिनियमचे उदाहरण प्रभार व ऊर्जा यांतील वरील भेद स्पष्ट करते. १८८६ मध्ये हॉल व एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीत ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये सुमारे ९५० अंश सेल्सिअसला विरघळवतात. एक किलोग्रॅम धातूसाठी किमान सुमारे २,९८० ॲम्पिअर-तास प्रभार लागतोच. फॅरडे यांच्या नियमामुळे त्यात कपात शक्य नाही. घटाला प्रत्यक्षात चार व्होल्टांहून थोडे अधिक विभवांतर द्यावे लागते, म्हणून विजेचा खर्च किलोग्रॅममागे साधारण १३ ते १५ युनिट पडतो. वाया जाणारा थोडा प्रभार वाचवण्यापलीकडे, जवळजवळ दीड शतकाच्या सुधारणांना खरी जागा उरली ती विभवांतर उतरवण्यातच.