पहारा कुणावर?

चीनमधल्या नानजिंग शहरात ‘जिआंगनान गोंगयुआन’ हे जुनं परीक्षागृह आहे. ऐन भरात तिथे २० हजारांहून अधिक कोठड्या होत्या. राजदरबारच्या नोकरीसाठी परीक्षा द्यायला आलेल्या उमेदवाराची दारातच अंगझडती होई. मग एकाच कोठडीत लिहायचं, खायचं आणि रात्री तिथेच अंग मुडपून पडायचं. मधल्या मिंगयुआन मनोऱ्यावरून पहारेकऱ्यांची नजर सगळीकडे फिरे. तरी कॉपी व्हायचीच. आतून घालायच्या कपड्यांवर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ उतरवलेले असत. असे काही कपडे अजून जपून ठेवलेले आहेत.

पण त्या व्यवस्थेला उमेदवाराइतकाच परीक्षकाचाही संशय होता. सोंग राजवटीत उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकण्याची पद्धत रूढ झाली. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कारकून सगळी उत्तरं पुन्हा लिहून काढत. पुढच्या काळात उमेदवार काळ्या शाईत लिही, कारकून लाल शाईत, आणि तपासायला जाई ती लाल प्रत. १८५८ साली बीजिंगच्या परीक्षेत घोटाळा उघड झाला, तेव्हा मुख्य परीक्षक बाइ जुन याला देहदंड झाला. तो दरबारातला अगदी वरच्या दर्जाचा मंत्री होता. १९०५ मध्ये राजदरबारची ही परीक्षापद्धतच बंद झाली.

पहारा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रातली बैठक क्रमांक, पर्यवेक्षक आणि भरारी पथकांची व्यवस्था सर्वांच्या परिचयाची. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी राज्याने १९८२ साली स्वतंत्र कायदाही केला. मात्र हा सगळा बंदोबस्त परीक्षा केंद्रावरचा. घरी परतलेल्या विद्यार्थ्याच्या मागे पर्यवेक्षक येत नसे.

२०२०च्या टाळेबंदीत तो घरात आला. अमेरिकेत दूरस्थ देखरेखीच्या कंपन्या त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. आता जगभरातली विद्यापीठं त्यांच्याकडे वळली. पुण्यातही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने ऑनलाइन परीक्षांसाठी ‘प्रॉक्टर्ड’, म्हणजे दूरस्थ देखरेखीची, पद्धत स्वीकारली. परीक्षार्थी पडद्यावरून नजर हटवतो का, खोलीत दुसरा आवाज येतो का, हे कॅमेरा आणि माइक टिपतात आणि सॉफ्टवेअर त्यावर संशयाची खूण करतं. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा अशीच झाली, आणि एक तृतीयांशाहून अधिक उमेदवारांच्या चित्रफितींवर खुणा पडल्या! छाननीत त्यातले बहुतेक निर्दोष ठरले. पण वर्षानुवर्षं अभ्यास करून परीक्षेला बसलेल्या माणसाला मधल्या काळात झालेला मनस्ताप कोण भरून देणार?

फेब्रुवारी २०२१. ओहायोतल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाचा एक विद्यार्थी रसायनशास्त्राच्या परीक्षेला बसणार होता. खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखवावी लागेल, असं त्याला परीक्षेच्या सुमारे दोन तास आधी कळलं. घरात आणखी माणसं असल्याने परीक्षा द्यायला जागा होती ती त्याच्या झोपण्याच्या खोलीतच, आणि तिथे करासंबंधीचे गोपनीय कागद पडलेले होते. ते आवरायला वेळ नव्हता. त्याने खोली दाखवली, परीक्षा दिली आणि मग विद्यापीठाला कोर्टात खेचलं. २२ ऑगस्ट २०२२ रोजी संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश जे. फिलिप कॅलाब्रेझी यांनी निकाल दिला: सरकारी विद्यापीठाने अशी खोली पाहणं ही झडतीच, आणि ती अवाजवी झडतीला मनाई करणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीशी विसंगत आहे. कॉपी रोखण्याचा हेतू रास्तच असतो, पण त्यासाठी कुणाच्या निजायच्या खोलीत शिरायचं असेल तर कायद्याने दारातच जाब विचारला पाहिजे.

जाब सॉफ्टवेअरलाही विचारायला हवा. ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला परीक्षेत स्वतःच्या चेहऱ्यावर दिवा रोखून बसावं लागलं, कारण यंत्राला तिचा चेहरा सापडेना. २०२२ मध्ये तिने नेदरलँड्सच्या मानवाधिकार संस्थेकडे दाद मागितली. भेदभावाचा संशय घेण्याजोगा पुरावा आहे, तेव्हा तो झाला नाही हे विद्यापीठानेच दाखवून द्यावं, असं संस्थेने त्या डिसेंबरमध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२३च्या अंतिम निर्णयात सॉफ्टवेअरमुळे भेदभाव झाल्याचं सिद्ध झालं नाही. तिची तक्रार विद्यापीठाने नीट हाताळली नाही, हे मात्र संस्थेने नोंदवलं.