लाकडी विमाने आणि पावसाळ्यावरचा ठपका

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर, पुणे-नाशिक हमरस्त्यावर वसलेल्या संगमनेरने दुसऱ्या महायुद्धाची रणभूमी कधी पाहिली नाही. परंतु त्या रस्त्याच्या एका टोकाला लोहगावचा विमानतळ आणि दुसऱ्या टोकाला देवळालीची छावणी असल्यामुळे, शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरच्या किल्ल्यात, 1942 च्या ऑगस्टपासून नेहरू, पटेल, आझाद प्रभृती नेते स्थानबद्ध असल्यामुळे, हिंदुस्थानला ज्यात त्याच्या संमतीवाचून ओढले गेले त्या युद्धाची झळ या मुलखाला लागल्यावाचून राहिली नाही. शत्रू ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होता; तथापि त्या काळी या भूमीवर जी बॉम्बफेकी विमाने कोसळली, ती सारीच काही त्याच्या तोफांनी पाडलेली नव्हती. 1944 सालचे ‘मॉस्किटो’ विमानांचे प्रकरण याची साक्ष देते.

हे विमान लाकडाचे होते. युद्धकाळात धातूची टंचाई, आणि लाकूडकामात मुरलेले कारागीर मात्र मुबलक, हे हेरून इंग्लंडातील डी हॅविलंड कंपनीने बर्चच्या पातळ पापुद्र्यांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून त्याचे धड दोन उभ्या अर्ध्यांत घडवले, आणि ते अर्धे मध्यरेषेवर चिकटवून सांधले. या कामी प्रारंभी दुधातल्या केसीनपासून केलेला सरस वापरीत. दोन इंजिने, शेजारी-शेजारी बसणारे दोघेच जण आणि ताशी 600 किलोमीटरच्या घरातला वेग, अशी त्याची कीर्ती होती.

ज्या ब्रिटिश तुकड्या पूर्वी ‘व्हेंजन्स’ विमाने चालवीत, त्यांच्या हाती येलहंका, कोलार अशा तळांवर ही नवी विमाने आली; आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात, सरावाच्या उड्डाणांतसुद्धा, काही विमाने हवेतच मोडून पडू लागली. पंखाचे वरचे आवरण आतल्या मुख्य तुळईपासून सुटते, असे आढळले. ज्या तरुणांनी शत्रूचे तोंडही पाहिले नव्हते, ते आपल्याच यंत्राच्या सांध्याने दगा दिल्यामुळे प्राणास मुकले.

चौकशीसाठी मेजर हेरवर्ड डी हॅविलंड यांच्या नेतृत्वाखाली पथक हिंदुस्थानात आले. डिसेंबर 1944 च्या आरंभी त्यांनी अहवाल दिला की, सरस बिघडलेला नाही. पावसाळी हवेत विमानाचा सांगाडा आकसला, हेच कारण. संगमनेरच्या पेठेतल्या कोणत्याही सुताराला हे वाचून दाखवले असते, तर तो थबकला असता. कारण चौकटीत बसलेले दार आषाढात फुगून अडकते आणि उन्हाळ्यात त्याला फट पडते, हे तो दरसाल पाहतो. आणि निर्मात्याच्याच घराण्यातल्या माणसाकडे निर्मितीच्या दोषाची चौकशी सोपवावी, हे मला न्यायाच्या दृष्टीने मुळातच गैर वाटते.

पुढच्या चौकशीने हे निदान टिकू दिले नाही. ती करणाऱ्या कॅबट व मायर्स यांनी अपघातांचे खापर निःसंदिग्धपणे सदोष बांधणीवर फोडले. आणि विमान-उत्पादन मंत्रालयाच्या डेफर्ड येथील पथकालाही मॉस्किटोच्या सहा प्रकारांत, हॅटफील्ड व लीव्ह्सडेन या इंग्लंडमधील कारखान्यांत बनलेल्या विमानांत, तसलेच दोष सापडले. त्यांपैकी एकाही विमानाने आपला पावसाळा पाहिलेला नव्हता! सरसकामाचा दर्जा फारच उणा होता, असा त्यांचा अभिप्राय पडला; ताबा सुटून होणारे अपघात अन्य कोणत्याही विमानापेक्षा मॉस्किटोच्या बाबतीत तिप्पट आहेत, अशी तर दप्तरी नोंदच होती.

इतके असूनही वायुदल मंत्रालयाने पहिल्याच अहवालाची कास धरली, आणि दोष बहुतांशी हवामानाचा, हेच मत कायम ठेवले. कारण वैमानिकांचा या विमानावरचा विश्वास ढळू द्यायचा नव्हता. युद्धात धीर खचू न देणे हे सेनापतीचे कर्तव्य असते, हे मी मानतो. पण मृतांच्या आप्तांना खरे कारण कळण्याचा हक्क त्याने नाहीसा होत नाही, आणि मंत्रालयाने तो डावलला. उपाय म्हणून पंखाच्या लांबीभर प्लायवुडची एक पट्टी बसवून सांधा बंद करण्यात आला, आणि मॉस्किटो पुन्हा ब्रह्मदेशावर झेपावू लागली.