हे पुस्तक आधी कोणी नेले होते?

जुन्या ग्रंथालयातले एखादे पुस्तक मागच्या पुठ्ठ्याच्या बाजूने उघडले की आत एक कागदी खिसा चिकटवलेला दिसतो आणि त्या खिशात एक पिवळे पडलेले कार्ड. आमच्या विद्यार्थिदशेत उष्मागतिकीच्या एका जाडजूड पुस्तकातल्या अशा कार्डावर आम्हांला आमच्याच एका प्राध्यापकांची सही सापडली होती, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या तारखेची. सरांनी ते पुस्तक लागोपाठ तीनदा नेले होते! वर्गात ज्या विषयावर ते सहज बोलत, तो त्यांनाही एके काळी जड गेला असावा, हे पाहून आम्हांला मोठाच धीर आला. आपल्यापैकी अनेकांना असा एखादा अनुभव असेल.

एक गोष्ट मात्र त्या वेळी आमच्या मनात आली नाही. सरांनी कोणते पुस्तक किती वेळा नेले, हे विद्यार्थ्यांना कळावे अशी त्यांची इच्छा होती का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. कार्डाने ते परस्पर सांगून टाकले होते.

पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद ग्रंथालयाला ठेवावीच लागते; नाहीतर ते परत कसे येणार? खरा प्रश्न त्यापुढचा आहे. पुस्तक परत आल्यावर त्या नोंदीचे काय करायचे? ग्रंथालयांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा कोणी विचारपूर्वक दिलेले दिसत नाही. देवघेवीसाठी जे साधन हाताशी होते, त्यानेच ते देऊन टाकले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत देवघेवीच्या दोन पद्धती रुजल्या. न्यूअर्क शहराच्या ग्रंथालयावरून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहीत. काही ठिकाणी क्रमांकाऐवजी नाव किंवा सही असे. पुस्तक परत आले की कार्ड पुन्हा खिशात जाई, नोंदीसकट. दुसरी पद्धत बॉस्टनच्या लायब्ररी ब्युरोतील निना ब्राऊन यांनी १८९५ च्या सुमारास मांडली. हिच्यात वाचकाला खिशासारखी तिकिटे मिळत. पुस्तक नेताना पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचे आणि ही जोडी परतीच्या तारखेप्रमाणे एका लांबट ट्रेमध्ये लावून ठेवायची. पुस्तक परत आले की जोडी सोडवायची : कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. लिहायचे काहीच नाही. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत हीच ब्राऊन पद्धत वर्षानुवर्षे चालत होती, हे जुन्या शिक्षकांना आठवेल.

या दोन्हींतला फरक नीट पाहू. न्यूअर्क पद्धत सगळे लक्षात ठेवते. ब्राऊन पद्धत पुस्तक परत येताक्षणी सगळे विसरते. ब्राऊनबाईंनी हे वाचकाच्या खासगीपणाच्या कळकळीने केले, असे म्हणायला आधार नाही; देवघेव झटपट व्हावी, हाच या पद्धतीचा गुण म्हणून सांगितला जाई. पण परिणाम असा झाला की उद्या कोणी अधिकारी दारात येऊन विचारू लागला, तरी ग्रंथपालाला सांगण्यासारखे काही उरतच नसे.

असे अधिकारी खरोखरच आले. १९७० साली अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे प्रतिनिधी मिलवॉकी, अटलांटा अशा शहरांतल्या ग्रंथालयांत जाऊन स्फोटकांवरची पुस्तके कोणी नेली, त्यांची यादी मागू लागले. वाचकाविषयीची माहिती गुप्त ठेवावी, हे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेत होतेच. आता जानेवारी १९७१ मध्ये संघटनेने स्वतंत्र धोरणच मंजूर केले : न्यायालयीन आदेशाशिवाय नोंदी दाखवू नयेत. पुढे राज्यांनी कायदे केले; पहिला १९७८ साली फ्लॉरिडाने.

१९७० सालच्या त्या अधिकाऱ्यांचे काम किती किचकट होते, हेही पाहण्यासारखे आहे. पुस्तकाच्या कार्डावरून ‘हे पुस्तक कोणी नेले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. पण ‘या माणसाने कोणकोणती पुस्तके नेली?’ हा उलटा प्रश्न विचारायचा तर प्रत्येक फडताळातले प्रत्येक पुस्तक उघडून पाहावे लागेल. लाखभर पुस्तकांच्या विद्यापीठात हे कोण करणार? कागदाच्या या आळशीपणानेच वाचकाचे अर्धे रक्षण होत होते. टेक्सास विद्यापीठात राल्फ पार्कर यांनी १९३६ मध्येच देवघेवीसाठी छिद्रांची कार्डे वापरली होती. पण विद्यापीठांच्या ग्रंथालयांत संगणक सर्रास आला तो १९७० नंतर. संगणकात पुस्तकाचा क्रमांक आणि वाचकाचा क्रमांक शेजारी शेजारी बसतात. ती यादी पुस्तकांप्रमाणे लावा किंवा वाचकांप्रमाणे, श्रम सारखेच. सुलटा आणि उलटा प्रश्न एका रात्रीत समान सोपे झाले. आमच्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक बदल हाच, आणि त्याची फारशी वाच्यता कधी झाली नाही.

त्याच सुमारास विद्यापीठांची ग्रंथालये एकमेकांशी जोडली जाऊ लागली. ओहायो राज्यातल्या ५४ शैक्षणिक ग्रंथालयांनी १९६७ मध्ये ‘ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर’ ही संस्था स्थापली. तिचे प्रमुख फ्रेडरिक किलगोर. विचार साधा होता : एकच पुस्तक ५४ ठिकाणी विकत घेतले जाते आणि ५४ ठिकाणी त्याची तालिका नव्याने तयार होते, ती एकदाच का करू नये? लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट एव्हराम यांनी ग्रंथनोंदी संगणकाला वाचता येतील असा ‘मार्क’ हा साचा त्याच दशकात घडवला होता. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ॲल्डन ग्रंथालयात दूरस्थ संगणकाशी जोडलेल्या पडद्यासमोर बसून काम सुरू झाले आणि पहिल्या दिवशी १३३ पुस्तकांची तालिका झाली.

इथे लक्षात घ्यायचे ते हे, की या जाळ्यातून वाहत होती ती फक्त पुस्तकांची माहिती. वाचक जाळ्याबाहेरच होता. १९७९ मध्ये याच जाळ्यावरून आंतरग्रंथालयीन देवघेव सुरू झाली, तेव्हाही पुस्तक मागणारे असे ते ग्रंथालय. वाचक त्याच्या आडोशाला उभा असे. दूरच्या विद्यापीठाला एवढेच कळे, की अमुक ग्रंथालयाला हे पुस्तक हवे आहे.

हा आडोसा किती मोलाचा होता, ते १९८७ मध्ये दिसले. त्या वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणित व विज्ञानाच्या ग्रंथालयात एफबीआयचे दोन प्रतिनिधी आले आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला विचारू लागले, की परदेशी लोक इथे येऊन काय वाचतात? हे बोलणे कानी पडल्यावर एका ग्रंथपालाने त्यांना वरिष्ठांकडे पाठवले. पॉला कॉफमन यांनी माहिती द्यायला साफ नकार दिला. सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली आणि ‘लायब्ररी अवेअरनेस प्रोग्राम’ हे नाव लोकांना कळले. सोव्हिएत हेर विद्यापीठांच्या विज्ञानविषयक ग्रंथालयांतून माहिती गोळा करतात, असा एफबीआयचा दावा होता. तो अगदीच हवेतला नव्हता. १९८६ मध्ये पकडलेला गेन्नादी झाखारोव एका विद्यार्थ्याकडून ग्रंथालयांतली तांत्रिक माहिती मिळवत होता. पण ती पुस्तके आणि नियतकालिके कोणालाही वाचायला खुली होती! खुले साहित्य कोणी वाचले यावर पाळत ठेवायची, तर परदेशी नाव असलेला प्रत्येक संशोधक संशयित ठरतो. परदेशात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हे लागू पडते, म्हणून आम्हांला ही हकिकत दूरची वाटत नाही.

१९८८ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. १९८९ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसले, की या कार्यक्रमावर टीका करणाऱ्यांपैकी २६६ जणांची नावे एफबीआयने स्वतःच्या दप्तरात तपासली होती. न्यूयॉर्क राज्यात वाचकांच्या नोंदींना संरक्षण देणारा कायदा १९८२ पासून होता. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात संगणकावरचे शोध, आंतरग्रंथालयीन देवघेव आणि छायाप्रतींच्या मागण्याही आल्या. म्हणजे नोंद आता केवळ ‘पुस्तक नेले’ एवढीच राहिली नव्हती, हे कायद्यानेही ओळखले.

पुढच्या दशकात आडोसा पातळ होत गेला. ओहायोतच विद्यापीठांच्या सामाईक तालिकेतून विद्यार्थी स्वतःच दुसऱ्या गावच्या विद्यापीठातले पुस्तक मागवू लागला. सोय उत्तम, पण पुस्तक मागणाऱ्याची ओळख आता एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जायला हवी. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ सुरू केले, तेही आरंभी पुण्याच्या ‘आयुका’चा प्रकल्प म्हणून, १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झाले. तिथेही सुरुवात ग्रंथांच्या सामाईक तालिकांपासूनच झाली.

अनेक ग्रंथालयांनी एकच संगणकप्रणाली वापरली की खर्च वाचतो, पण सगळ्यांच्या नोंदींची किल्लीही एकाच जागी येते. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या ‘लायब्ररी कनेक्शन’ या सहकारी संस्थेला हे अनुभवायला मिळाले. तिची बहुतेक सदस्य ग्रंथालये सार्वजनिक होती, विद्यापीठांची नव्हती. धडा मात्र सारखाच. एका ग्रंथालयातल्या एका संगणकाचा सुमारे पाऊण तासाचा वापर कोणी केला, हे विचारणारे एफबीआयचे पत्र त्या ग्रंथालयाला न येता थेट संस्थेच्या संचालकांना आले, आणि त्याबद्दल कोठेही बोलण्यास मनाई होती. संस्थेच्या चौघांनी न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये एफबीआयने मागणी मागे घेतली.

याच काळात नियतकालिके कागदावरून प्रकाशकांच्या संगणकावर गेली आणि पेच आणखी वाढला. आता वाचन ग्रंथालयात होतच नाही. ते प्रकाशकाच्या घरी जाऊन होते. दारावर विचारणारच, की तुम्ही कोण? पहिला उपाय असा, की विद्यापीठाच्या आवारातल्या सगळ्या संगणकांना बाहेरून एकाच पत्त्यांच्या गटातले म्हणून ओळखायचे. प्रकाशकाला विद्यापीठ कळते, माणूस कळत नाही. घरून वाचणाऱ्यांसाठी मध्ये ग्रंथालयाचा संगणक ठेवला जाऊ लागला.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ‘इंटरनेट-२’ या संघटनेने २००० मध्ये त्यावर काम सुरू केले आणि २००३ मध्ये ‘शिबोलेथ’ नावाची प्रणाली तयार झाली. वाचक प्रकाशकाच्या दारात आला, की प्रकाशक त्याला त्याच्या विद्यापीठाकडे धाडतो. परवलीचा शब्द वाचक तिथे देतो. मग विद्यापीठ प्रकाशकाला सहीशिक्क्यानिशी कळवते, की हा आमचा सदस्य आहे, याला आत सोडा. नाव सांगायची गरज नाही. तोच वाचक पुन्हा आला हे ओळखायचे असेल, तर विद्यापीठ प्रत्येक प्रकाशकासाठी एक वेगळे निरर्थक टोपणनाव देते. त्यामुळे दोन प्रकाशकांनी याद्या जुळवल्या तरी माणूस जुळत नाही. इन्फ्लिबनेटने भारतीय विद्यापीठांसाठी उभारलेली ‘इन्फेड’ ही व्यवस्था शिबोलेथवरच चालते. नावाची गंमत अशी, की ते बायबलमधून आले आहे. यार्देन नदीच्या उतारावर पहारेकरी येणाऱ्याला ‘शिबोलेथ’ म्हणायला लावत. ‘श’ऐवजी ‘स’ उच्चारणारा शत्रू ठरे आणि मारला जाई. आपण ‘ळ’ उच्चारायला लावून मराठी माणूस ओळखावा, तसेच. माणसाची ओळख झाकणाऱ्या यंत्रणेला ओळख उघडी पाडणाऱ्या परीक्षेचे नाव मिळाले!

अर्थात ओळख नाहीशी होत नाही. ती विद्यापीठाच्या संगणकात राहते, त्याच्या रोजच्या नोंदवहीत. शिवाय वाचकाने प्रकाशकाकडे स्वतःचे खाते उघडले, की सगळा पडदा त्याने स्वतःच दूर केला.

विसरण्यालाही किंमत असते, हे सांगायला हवे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल ग्रंथालयाच्या १७९० च्या दशकातल्या नोंदवह्या टिकल्या म्हणून कवी कोलरिज तरुणपणी काय वाचत होता ते अभ्यासकांना कळते. विज्ञानाच्या इतिहासकाराला अशी वही म्हणजे खजिनाच. पण त्याच कोलरिजच्या आणि वर्ड्‌स्वर्थच्या मागावर १७९७ मध्ये सरकारने एक गुप्तहेर पाठवला होता. ती वही त्याच्या हाती लागली असती तर त्याला ती खजिना वाटली असती की पुरावा?

न्यूझीलंडमध्ये घडलेली आणि २००० पासून वापरात असलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली आज आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत आहे. तिच्यात वाचकाला आपल्या जुन्या नोंदींबाबत तीन पर्याय देता येतात : कायम ठेवा, ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे ठेवा, किंवा मुळीच ठेवू नका. ही सोय चालू करायची की नाही, हे ग्रंथालय ठरवते. आमच्या ओळखीच्या एका ग्रंथपालांना आम्ही विचारले, की तुमच्याकडे काय स्थिती आहे? त्यांनी दोन दिवसांनी दूरध्वनी केला. प्रणाली बसवली त्या दिवसापासूनची प्रत्येक देवघेव तशीच पडून होती. कोणी तसे ठरवले नव्हते, कोणी पाहिलेही नव्हते. आता त्यांनी समितीपुढे दोन प्रस्ताव ठेवले आहेत. पुस्तक परत आल्यावर ते खराब झालेले आढळले तर विचारता यावे म्हणून शेवटच्या वाचकाचे नाव महिनाभर ठेवायचे, आणि त्याआधीच्या सर्व नोंदींतून नावे काढून फक्त संख्या ठेवायच्या. समितीतल्या एका सदस्यांनी हरकत घेतली आहे, की मग चांगले वाचक कोण ते कसे कळणार आणि बक्षीस कोणाला द्यायचे?