डुक्कर-युद्ध (१८५९)

अमेरिका व ब्रिटन यांच्यात पेटता पेटता राहिलेले सीमायुद्ध. १८४६ च्या ऑरेगन तहाने सीमारेषा मुख्य भूमी आणि व्हँकूव्हर बेट यांमधील सामुद्रधुनीच्या मध्यातून नेली. मात्र तेथे हॅरो व रोझारिओ अशा दोन सामुद्रधुन्या आहेत, हे तहात आले नाही. मधल्या सॅन हुआन बेटावर दोघांनीही हक्क सांगितला.

१५ जून १८५९ रोजी लायमन कटलर या अमेरिकनाने बटाट्याच्या वाफ्यात शिरलेले ब्रिटिश हडसन्स बे कंपनीचे डुक्कर गोळी घालून मारले. त्याने भरपाई १० डॉलर देऊ केली, मागणी १०० ची झाली. बोलणे फिसकटले. अमेरिकेने कॅप्टन जॉर्ज पिकेटची तुकडी उतरवली, ब्रिटिशांनी युद्धनौका धाडल्या. ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर जेम्स डग्लस यांना नौसैनिक बेटावर उतरवायचे होते. ॲडमिरल रॉबर्ट बेन्झ यांनी साफ नकार दिला.

पर्यायी इतिहासाची मांडणी या नकारापाशीच सुरू होते. बेन्झ यांनी हुकूम पाळला असता तर? दोन वर्षांनी अमेरिकेत यादवी भडकली तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना दक्षिणेबरोबर ब्रिटिश आरमाराशीही झुंजावे लागले असते, असा तर्क केला जातो. तो ओढूनताणून आणलेला नाही. १८६१ मधील ‘ट्रेंट’ जहाज प्रकरणात दोन्ही देश खरोखरच युद्धाच्या तोंडाशी आले होते. मात्र डुकरापायी लंडन लढाईला उभे राहिले असते, हे पटणे कठीण.

प्रत्यक्षात संयुक्त ताबा ठरला आणि १८७२ मध्ये जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याच्या लवादाने बेट अमेरिकेला दिले.